आठवडी बाजारातले पहिले संशोधन

पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याने ‘प्रोजेक्ट’ नावाची वस्तू शाळेपासून केलेली असते. विषय शिक्षकांनी द्यायचा, माहिती नेटवरून उतरवायची, वर रंगीत कव्हर, आत ऋणनिर्देश, शेवटी दोन-तीन संकेतस्थळांची नावे. या कामात अक्षराला आणि सजावटीला गुण असतात. माहिती कुठून आली हे कोणी विचारत नाही. महाविद्यालयात क्षेत्र प्रकल्प किंवा लघुसंशोधन समोर आले की तीच सवय पुढे चालू राहते. फरक इतकाच की इथे तोंडी परीक्षा असते आणि परीक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हे तुला कुठून कळले?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ हा पर्याय आला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी तो घेता येतो. कागदावर संशोधन असे शेवटच्या वर्षात जाऊन बसले. सवयी मात्र पहिल्याच वर्षी लागतात आणि लागलेल्या मोडणे अवघड जाते. तालुक्याच्या गावातील एका कला महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या मुलांकडून गावच्या आठवडी बाजाराचा अभ्यास करून घेण्याचा प्रघात बरीच वर्षे चालला. पुढील निरीक्षणे मुख्यतः त्या कामातून आलेली आहेत. विषय बाजाराचा असला तरी शिकायचे होते ते संशोधन, आणि बाजार त्यासाठी सोयीचा होता. तो दर आठवड्याला भरतो, चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि त्याला प्रवेश फी नसते.

पहिली अडचण विषयाच्या नावातच येते. नवखा विद्यार्थी ‘महाराष्ट्रातील आठवडी बाजार : एक चिकित्सक अभ्यास’ असे काहीतरी लिहून आणतो. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट त्याने वरच्या वर्गातल्या प्रकल्पांवरून उचललेले असते. हा विषय मोठा आहे असे सांगून उपयोग होत नाही, कारण मोठा विषय म्हणजे मोठे काम आणि मोठे काम म्हणजे जास्त गुण असे त्याचे गणित असते. त्याऐवजी त्याला विचारावे, की या विषयाचे उत्तर काय येणार? तिथे तो अडखळतो, कारण विषयात प्रश्नच नसतो. ‘आठवडी बाजार’ हा विषय झाला. ‘आपल्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांपैकी किती जणी स्वतःच्या शेतातला माल विकतात आणि किती जणी पहाटे मार्केट यार्डातून विकत आणून इथे बसतात?’ हा प्रश्न झाला. याला उत्तर आहे, ते शोधता येते, आणि मुख्य म्हणजे ते चुकीचे निघू शकते. हा प्रश्न एका विद्यार्थिनीला सुचला तो पुस्तकातून नव्हे. तिची मावशी बाजारात बसत असे, आणि गिऱ्हाइकाने ‘घरची आहे का?’ असे विचारले की ती ‘घरचीच’ म्हणत असे. मेथी मात्र यार्डातली असे.

प्रश्न हाती आल्यावर ग्रंथालयात जायचे. बहुतेक मुलांची ग्रंथालयाशी ओळख क्रमिक पुस्तके आणि गाईड यांपुरती असते. तिथे ‘आठवडी बाजार’ नावाचे पुस्तक मागितले जाते, ग्रंथपाल नाही म्हणतात आणि शोध संपतो. ड्युईच्या वर्गीकरणात व्यापार ३८१ खाली येतो, गावसमाजाचा अभ्यास ३०७ खाली आणि भूगोल ९१० खाली. बाजारावरचे लेखन या तिन्ही कपाटांत विखुरलेले असू शकते. ज्या ग्रंथालयात कपाटापर्यंत जाऊ देतात तिथे हे दहा मिनिटांत समजते. जिथे चिठ्ठी देऊन काउंटरवर उभे राहावे लागते तिथे वर्ष निघून गेले तरी समजत नाही. मुलांना कपाटांत मोकळे सोडण्याबाबत ग्रंथपालांची कुरकुर असते आणि ती खोटीही नसते, कारण पुस्तके नंतर भलत्याच फळीवर सापडतात. तरीही सोडावे.

या विषयावर आधी काम झालेले आहे हे कळणे पहिल्या वर्षाच्या मुलाला धक्कादायक वाटते. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांचा आठवडी बाजारांवरील इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९७० साली प्रसिद्ध केला. त्र्यंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ १९१५ सालचे. ही नावे ऐकल्यावर ‘मग आता आम्ही काय करायचे?’ असा प्रश्न येतो, आणि तो खऱ्या अर्थाने संशोधनातला पहिला प्रश्न असतो. आधीच्या माणसाने काय पाहिले, कुठे पाहिले, कधी पाहिले, आणि त्यातले आपल्या गावाला काय लागू पडते, हे तपासण्यासाठीच मागचे वाचायचे. प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ आहे. तिथला चारशे पानांचा प्रबंध उघडून मूल घाबरते. त्याला सांगावे लागते, की अनुक्रमणिका पाहा, पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण वाचा, संदर्भसूचीतून चार नावे उचल आणि बंद कर. प्रबंध शोधगंगेवर आहे याचा अर्थ त्याला पदवी मिळाली एवढाच. तो चांगला आहे असा होत नाही. हेही हळूच सांगून ठेवणे बरे.

वाचलेल्या मजकुराचे वय आणि त्याची नजर ओळखणे ही यातली अवघड पायरी. मराठी विश्वकोशातली नोंद पडद्यावर आजच्या बातमीसारखीच दिसते. पण ती ज्या छापील खंडातून आली तो अनेक दशकांपूर्वीचा असू शकतो, आणि तिच्यातले आकडेही तेवढेच जुने असतात. एकाने तालुक्याची लोकसंख्या अशाच एका जुन्या नोंदीतून घेऊन ‘सध्याची लोकसंख्या’ म्हणून लिहिली होती. जनगणनेच्या २०११ च्या जिल्हा पुस्तिकेत गाववार लोकसंख्या मिळते, शिवाय कोणत्या गावात आठवडी बाजार भरतो याचीही नोंद असते, हे दाखवल्यावर तो थक्क झाला. सरकार असले काही लिहून ठेवत असेल असे त्याला वाटलेच नव्हते.

गॅझेटियरची गोष्ट याहून गुंतागुंतीची. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे जिल्हा खंड (नाशिकचा १८८३ चा, नगर आणि सोलापूरचे १८८४ चे, साताऱ्याचा १८८५ चा) म्हणजे माहितीची खाण. कोणत्या गावाला कोणत्या वारी बाजार भरतो हे त्यांत गावोगाव दिलेले असते. आपल्या गावाचा बाजार तेव्हाही त्याच वारी भरत होता हे वाचून वर्गात एक वेगळीच जाग येते. पण त्याच खंडांत जातीजमातींच्या वर्णनात अमुक लोक कष्टाळू, तमुक लोक व्यसनी असे सरसकट शेरे मारलेले आहेत, आणि मुले तेही माहिती म्हणूनच उतरवतात. बाजाराचा वार आणि माणसांचा स्वभाव, दोन्ही एकाच पुस्तकात छापले म्हणून सारख्याच विश्वासाचे होत नाहीत. पहिली गोष्ट सांगताना अधिकाऱ्याला चुकण्याचे फारसे कारण नव्हते. दुसरी सांगताना तो राज्यकर्त्याच्या खुर्चीतून बोलत होता. ‘गावगाडा’तला फिरस्त्या जमातींविषयीचा सूरही असाच वेगळा काढून वाचावा लागतो. तसा वाचला तर तो सूर हीच त्या काळाची माहिती ठरते. ही जाण एका तासात येत नाही. ज्यांना ती पहिल्या वर्षी आली ते पुढे वर्तमानपत्रही वेगळ्या डोळ्यांनी वाचताना दिसतात.

टिपणे काढण्याचे तंत्र सोपे आहे आणि तरीही कोणी पाळत नाही. कागदाच्या डोक्यावर पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष, पृष्ठ. मजकूर जसाच्या तसा असेल तर अवतरणचिन्हात. स्वतःच्या शब्दांत असेल तर तसे. स्वतःला सुचलेले असेल तर कंसात. हे तीन प्रकार टिपणातच वेगळे ठेवले नाहीत तर दोन महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते ते सांगता येत नाही. वाङ्मयचौर्याची निम्मी प्रकरणे इथे जन्मतात. उरलेली अर्धी मात्र सरळ उचलेगिरीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी प्रबंधांसाठी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाबाहेर ठेवले. तो आकडा मुलांपर्यंत कसा कोण जाणे पोहोचतो आणि ‘दहा टक्के चालते सर’ असा त्याचा अर्थ लावला जातो. शिवाय इंग्रजी परिच्छेद यंत्राकडून मराठीत करून घेतला की साम्य मोजणारे सॉफ्टवेअर गप्प राहते. वाचणारा शिक्षक गप्प राहत नाही. ज्या मुलाने बाजाराला जन्मभर बाजार म्हटले त्याच्या लिखाणात एकाएकी ‘ग्राहककेंद्री विपणन परिसंस्था’ अवतरली की पुढचे विचारायचे काम उरत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने संदर्भसूचीही बनवून देतात. त्या सूचीत लेखकाचे नाव खरे, विषय पटण्याजोगा आणि पुस्तक मात्र जगात नसलेले असे प्रकार निघतात. त्यावर उपाय जुनाच, की जे हातात धरले नाही किंवा पडद्यावर उघडून वाचले नाही ते सूचीत घालायचे नाही.

साधन आणि त्याचा लावलेला अर्थ वेगळे ठेवण्याची मराठीत स्वतःची परंपरा आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. मूळ पत्रे एकीकडे छापली आणि स्वतःची मते प्रस्तावनेत मांडली. त्यांच्या प्रस्तावनांतली कित्येक मते पुढच्यांनी खोडून काढली. पत्रांचे काम तसेच राहिले, ती आजही वापरली जातात. पहिल्या वर्षाच्या मुलाला हे सांगण्यासारखे आहे, कारण बाजारातून परत आल्यावर त्याच्या वहीत ‘विक्रेते गरीब आहेत’ असे लिहिलेले असते. हा त्याचा अर्थ झाला. त्याने पाहिले काय? कांद्याचे एक पोते, खाली अंथरलेला खताच्या गोणीचा तुकडा, वजनाला काट्याऐवजी वाटे लावलेले. ते लिहिले असते तर वाचणाऱ्याला स्वतःचा निष्कर्ष काढता आला असता आणि कदाचित तो वेगळा निघाला असता.

प्रत्यक्ष बाजारात जाण्याआधी मोजायचे काय हे ठरवावे लागते. एका वर्षी दोन गटांना एकाच दिवशी एकाच बाजारातले विक्रेते मोजायला पाठवले, आणि त्यांच्या आकड्यांत बराच फरक आला. आधी दोघांनी एकमेकांवर कामचुकारपणाचा आरोप केला. खोलात गेल्यावर कळले, की पहिल्या गटाने पथारी मोजली होती आणि दुसऱ्याने माणसे. आई आणि मुलगी एकाच पथारीवर बसल्या तर विक्रेते किती? पाल टाकून बसलेला कापडवाला आणि डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी लिंबूवाली, दोघे सारखेच धरायचे का? सकाळी नऊला माल उतरवून दुपारी निघून गेलेल्याचे काय? हा गोंधळ म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात चांगला तास ठरला. व्याख्या नावाचा जो रुक्ष भाग संशोधन पद्धतीच्या पुस्तकात असतो, तो का असतो, हे मग कोणाला वेगळे समजवावे लागले नाही.

त्यानंतर प्रश्नावली. मुलांच्या पहिल्या मसुद्यात हमखास असा प्रश्न असतो : ‘मॉल आणि ऑनलाइन खरेदीमुळे आठवडी बाजार नष्ट होत आहेत असे आपणास वाटते का?’ सगळे हो म्हणतात. बाजारातला माणूस शिकलेल्या मुलाचे मन मोडत नाही. ‘आपले मासिक उत्पन्न किती?’ याला तर उत्तरच येत नाही, किंवा ऐकणारा कोणत्या खात्याचा असावा याचा अंदाज घेऊन येते. जी विद्यार्थिनी मावशीबरोबर बाजारात बसलेली होती, तिने प्रश्न बदलले. ‘आज किती जुड्या आणल्या? आता किती उरल्या? सकाळी कितीला दिली, आता कितीला देता? उरलेल्याचे काय करणार?’ या प्रश्नांना भाजीवाल्या हसत उत्तरे देत, कारण त्यांचे हिशेब डोक्यात तयारच असत. मग ‘यार्डातून जुडी कितीला पडली?’ हा प्रश्न अलगद येई, आणि घरचा माल असेल तर ती बाई लगेच ‘विकत कशाला घेऊ, रानातली आहे’ म्हणे. मूळ प्रश्नाचे उत्तर असे आडवाटेने मिळाले. सरळ विचारले असते तर सगळ्यांची भाजी घरचीच निघाली असती.

वेळही निवडावी लागते. ऐन गर्दीत प्रश्नावली घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलाला शिव्या मिळतात आणि त्या योग्यच असतात. सकाळी पाले उभी राहत असताना किंवा दुपारच्या थंड्या वेळात माणसे बोलतात. ग्रामपंचायतीच्या बाजारकराची पावती फाडणारा माणूस सगळ्यांना ओळखतो. त्याच्याशी आधी बोलावे, पण त्याच्याबरोबर फिरू नये. फोटो विचारून काढावा. नावे अहवालात घालू नयेत. ‘याचा आम्हाला काय उपयोग?’ असे एखादी बाई विचारतेच. तेव्हा ‘आम्ही सरकारला कळवू’ असे सांगण्याचा मोह होतो. खरे उत्तर ‘लगेच काही नाही, आम्ही शिकतोय’ एवढेच असते. ते ऐकूनही बहुतेक जणी बोलतात. काही उठवून लावतात, आणि त्याचीही नोंद करायची असते.

कोणाला विचारायचे यात मुले सोय पाहतात. तोंडावरचे चार, ओळखीचे तीन, हसून बोलणारे दोन. दर पाचव्या पथारीशी थांबायचे असा साधा नियम ठेवला की चिडकी माणसेही नमुन्यात येतात, आणि बाजाराच्या टोकाला, गटारीच्या कडेला बसणारेही येतात. तिथे कोण बसते आणि का, हा एका गटाचा पुढे वेगळा प्रकल्प झाला. दिवाळीच्या आधीच्या बाजारात गोळा केलेल्या आकड्यांवरून वर्षभराचे विधान करता येत नाही, पितृपक्षातल्या बाजारावरूनही नाही. सत्राच्या वेळापत्रकात मात्र नेमके हेच आठवडे हाती लागतात. म्हणून अहवालात तारखा ठळक लिहाव्यात.

खोट्या भरलेल्या प्रश्नावल्यांबद्दल उघड बोलले पाहिजे. हॉस्टेलच्या कॉटवर बसून पन्नास प्रश्नावल्या एका रात्रीत भरता येतात आणि भरल्या जातात. त्या ओळखू कशा येतात? वये ३५, ४०, ४५ अशी गोल असणे हा पुरावा नव्हे; खरी माणसेही आपले वय असेच गोल सांगतात. पुरावा असतो तो स्वच्छपणात. एकही ‘सांगणार नाही’ नाही, कुठे खाडाखोड नाही, समासात गिचमिड नाही, कागदाला हळदीचा किंवा चिखलाचा डाग नाही. शिक्षा करण्यापेक्षा अशा गटाला पुढच्या बाजाराला सोबत नेणे जास्त उपयोगी पडते. संकोच हे मूळ कारण असते. अनोळखी माणसाशी बोलायचे कसे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

आकडे हाती आल्यावर टक्केवारीची हौस सुरू होते. बारा जणींपैकी आठ जणींनी काही सांगितले की ‘६६.६७ टक्के’ लिहिले जाते. दोन दशांश स्थळांनी बारा माणसांची बाराशे होत नाहीत. ‘बारापैकी आठ’ असे लिहावे. आणि गृहीतक खोटे ठरले की मुलांचे तोंड उतरते. ‘मोबाइलवरच्या खरेदीमुळे कापडविक्री बंद पडली’ असे धरून गेलेल्या गटाला पाले भरलेली दिसली. त्यांनी रात्रीतून गृहीतकच बदलून आणले, जणू पहिल्यापासून हेच म्हणायचे होते. गृहीतक खोटे ठरणे हा निष्कर्षच आहे आणि त्याचे गुण कापले जात नाहीत हे सांगून पटत नाही. मागच्या वर्षीचा तसा एखादा प्रकल्प, त्यावरच्या गुणांसह, समोर ठेवावा लागतो. खरी चूक परीक्षकांच्या बाजूचीही असते. काहींना ‘गृहीतक सिद्ध झाले’ हे वाक्य वाचल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मुलांना परीक्षकाची नाडी लवकर कळते.

लेखनाविषयी फार सांगण्यासारखे नाही. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने सुरू होणारे पहिले पान काढून टाकले की बहुतेक प्रकल्प सुधारतात. शिफारशींचे प्रकरणही गाळता आले तर बरे. बारा भाजीवाल्यांशी बोलून शासनाला सल्ला देण्याची घाई नको. मर्यादांचे प्रकरण मात्र मनापासून लिहावे. ‘वेळ व पैसा यांची मर्यादा होती’ या ठरीव वाक्याऐवजी ‘मटण-मासळीच्या रांगेत कोणी बोलले नाही, म्हणून ती रांग या अभ्यासात नाही’ असे लिहिलेला प्रकल्प तोंडी परीक्षेत टिकतो, कारण परीक्षकाचा सर्वांत अवघड प्रश्न लेखकाने आधीच विचारून ठेवलेला असतो.

बाइंड केलेल्या प्रती विभागाच्या कपाटात काही वर्षे राहतात आणि मग रद्दीत जातात. त्या महाविद्यालयात पुढे एका तुकडीला जुन्या प्रकल्पांशी तुलना करून पाहावी असे वाटले : बाजारातले विक्रेते वाढले की घटले? जुने आकडे होते, पण तेव्हा पथारी मोजली की माणसे हे कुठेच लिहिलेले नव्हते, त्यामुळे त्या आकड्यांचा काही उपयोग झाला नाही. कामाला आला तो एका गटाने पेन्सिलीने काढलेला बाजाराचा नकाशा. त्यात कुंभारांची, दोरवाल्यांची आणि कोंबडीवाल्यांची रांग कुठून कुठपर्यंत होती ते पावलांनी मोजून लिहिले होते, आणि कोपऱ्यात तारीख व वेळ होती. तुलना त्या नकाशापुरतीच झाली. आता तिथे भरलेल्या प्रश्नावल्या, नकाशे आणि मोजणीचा नियम लिहिलेला कागद असा गठ्ठा विभागात जमा करून घेतात. बाइंड केलेली प्रत मुले घरी नेतात.